दारूची दोन नावं

पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबात २००९ साली एक लहानशी ब्रुअरी सुरू झाली. पुण्यातली ती पहिली मायक्रोब्रुअरी, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या काहींपैकी एक. नाव ठेवलं 'डूलाली'. पुढे मुंबईत तिच्या टॅपरूम निघाल्या. तिथे टेबलावर बोर्ड गेम असतात, फळ्यावर बिअरची यादी असते: गव्हाची हेफेवायझन, बेल्जियन विटबिअर, ओट घातलेली काळी स्टाउट, सफरचंदाची सायडर. वातावरण सगळं हसतंखेळतं. गुत्ता म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं तिथे काही नाही.

त्या नावाला मी आधी दादच दिली. मराठी-उर्दू शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? डूलाली म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. १८६१मध्ये इंग्रजांनी तिथे छावणी उभारली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथे येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत. जहाजं फक्त नोव्हेंबर ते मार्च सुटत. हंगाम चुकला की कित्येक महिने ऊन, डास, मलेरिया, रिकामपण आणि दारू. त्यात काहींची डोकी फिरत. त्या अवस्थेला सोल्जरांनी नाव दिलं 'डूलाली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप, उर्दूतला 'तप'. देवळालीचा ताप. पुढे टॅप गळाला आणि इंग्रजीत नुसतं 'डूलाली' म्हणजे वेडापिसा असा अर्थ राहिला. आता दीडशे वर्षांनी तो टॅप परत आला आहे, पण बिअरची तोटी होऊन. टॅपरूम!

कोटी झकास आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण जरा थांबून बघा, या कोटीत काय काय पुसलं गेलं. देवळालीची माणसं ज्याने वेडी झाली त्यात दारूही होती. तिथला ताप हा गमतीचा विषय नव्हता. आता त्याच वेडाच्या नावाने ग्लास भरला जातो आणि आपण हसतो. माझी तक्रार एका ब्रुअरीशी नाही. परवाना काढून, स्वच्छ भांड्यात, कायद्यात बसेल असाच त्यांचा धंदा आहे. माझी तक्रार या खेळकर भाषेशी आहे. ही भाषा एका वर्गाची दारू 'दारू' या शब्दातून सोडवून घेते आणि दुसऱ्या वर्गाच्या गळ्यात तो शब्द आणखी घट्ट बांधते.

आणखी एक नाव घेते, म्हणजे मुद्दा नीट कळेल. पुण्यातच २०१८च्या सुमारास मध आंबवून मीड नावाचं पेय बनवणारी कंपनी बाजारात आली. नाव 'मूनशाइन मीडरी'. इंग्रजीत मूनशाइन म्हणजे रात्री चंद्राच्या उजेडात, सरकारची नजर चुकवून गाळलेली दारू. मराठीत त्याला सरळ शब्द आहे: हातभट्टी. आता कल्पना करा, कुणी मराठीत 'हातभट्टी' नावाची कंपनी काढली आणि बाटलीवर छान रंगीत चित्र छापलं. कोण विकत घेईल? कोण भेट म्हणून देईल? इंग्रजीत जो शब्द मिजास मिरवतो, तोच शब्द मराठीत पोलीस स्टेशनात नेऊन बसवतो.

आणि हे अलंकारिक बोलणं नाही. १९८१चा एमपीडीए कायदा सगळ्यांना माहीत आहे. त्याचं पूर्ण मराठी नाव वाचा. त्यात झोपडपट्टीदादांच्या शेजारीच 'हातभट्टीवाले' हा शब्द आहे. म्हणजे हातभट्टी हा शब्द थेट कायद्याच्या नावात आहे, आणि त्या कायद्याखाली माणसाला खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. इंग्रजीत 'क्राफ्ट' म्हणजे हाताची कारागिरी. हातभट्टीतही हात आहेच. एका हाताला कारागीर म्हणायचं आणि दुसऱ्याला गुन्हेगार, यामागे फक्त दारूचा दर्जा आहे असं कुणी सांगितलं तर मी ते पूर्ण मानणार नाही.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या पेपरात ठरावीक बातमी येते. 'गावठी हातभट्टीवर छापा, इतके लिटर कच्चे रसायन नष्ट, इतक्या रुपयांचा मुद्देमाल जप्त.' खाली ओढ्याकाठी उपडे केलेले बॅरल, आणि अनेकदा एका बाईचं नाव, वयासकट. तिचं आडनाव वाचलं की ती कोणत्या वस्तीतली हे कळतं. वर्षानुवर्षं त्याच त्याच वस्त्या. कच्चं रसायन म्हणजे काय? गूळ, पाणी, नवसागर, आणि त्यात आलेला आंब. ब्रुअरीच्या चकचकीत टाकीत जवापासून काढलेला गोड काढा, पाणी आणि यीस्ट असतं. दोन्हीकडे साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल बनवतं. पुढे वाटा वेगळ्या होतात. बिअर तशीच प्यायली जाते, हातभट्टीचं रसायन तापवून गाळलं जातं. हातभट्टी त्यामुळे जास्त तीव्र, आणि त्यात भेसळ झाली तर जीवघेणी. २०१५च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली. २०१७च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषद निवडणुकीच्या तोंडावर, आपल्या नगर तालुक्यातल्या पांगरमलमध्ये जेवणावळीत दिलेल्या बनावट दारूने माणसं दगावली. हातभट्टीला चांगलं म्हणावं, ती उघडपणे विकू द्यावी, असं मी म्हणत नाही. ती बंदच व्हायला हवी.

पण मग बिअरचा हिशोबही त्याच तराजूत करा. पाच टक्के अल्कोहोलची अर्धा लिटर बिअर म्हणजे २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. असे तीन ग्लास झाले की ७५. आता रमचा किंवा व्हिस्कीचा क्वार्टर घ्या: १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के. गुणाकार केला की ७७ येतात. म्हणजे शनिवारच्या संध्याकाळी बोर्ड गेम खेळत खेळत तीन ग्लास 'ट्राय' करणारा पोरगा जवळजवळ एक क्वार्टर पिऊन उठतो. वेग वेगळा, चव वेगळी, बिल तर फारच वेगळं. यकृताला जाणारा माल एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८मध्येच अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्या यादीत क्राफ्टसाठी वेगळा रकाना नाही.

मी पारनेरला राहते. या तालुक्याने दारूबद्दल देशाला एक गोष्ट सांगितली आहे, ती राळेगणसिद्धीची. १९७५मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी गाव सुधारायला घेतलं तेव्हा पहिला घाव भट्ट्यांवर घातला. तीसेक भट्ट्या बंद झाल्या. त्यानंतर पाणी अडलं, शेती हिरवी झाली, गाव उभं राहिलं. हे श्रेय कुणी नाकारू नये. पण त्याच गोष्टीचा दुसरा भागही जगजाहीर आहे, अण्णांनी स्वतः तो लपवलेला नाही. समज देऊनही जे प्यायचे त्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले. पुष्कळांना ते आजही योग्य वाटतं. मला वाटत नाही. कारण मला एक साधा प्रश्न पडतो: मुंढव्याच्या किंवा कोरेगाव पार्कच्या एखाद्या ब्रुअरीतून झोकांड्या खात बाहेर पडणाऱ्या इंजिनिअरला खांबाला बांधायचं कुणाच्या मनात तरी येईल का? तो दुसरा फोन करून गाडी मागवेल, आणि सोमवारी ऑफिसात त्याचा किस्सा होईल. त्याची नशा किस्सा आहे, गावातल्या मजुराची नशा गुन्हा आहे.

शब्दांचा हा खेळ सरकारही खेळतं. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. वाईन म्हणजे दारू नव्हेच, असं तेव्हा मोठमोठे लोक टीव्हीवर सांगत होते. द्राक्ष बागायतदारांचं भलं होईल म्हणत होते. अण्णांनी उपोषण जाहीर केलं, सरकारने लोकांचं मत मागवू म्हणून सांगितलं, मग राळेगणच्या ग्रामसभेच्या आग्रहावरून उपोषण मागे घेतलं गेलं. द्राक्षाची दारू ही दारू नाही, तर मग आमच्या साखर कारखान्यांच्या मळीपासून होणारी देशी तरी दारू का? मळीही शेतकऱ्याच्याच उसाची आहे ना!

कर बघा. जून २०२५मध्ये राज्याने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. देशी दारूवर प्रूफ लिटरला १८० रुपये होतं ते २०५ झालं. विदेशी दारूवर निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. बिअर आणि वाईन मात्र या वाढीतून बाहेर राहिल्या. कायद्यातलं वयही तसंच: सौम्य बिअरला २१, कडक दारूला २५. या सगळ्याला तांत्रिक कारणं असतील. पण सामान्य माणसापर्यंत त्यातून एकच निरोप पोचतो: बिअर म्हणजे काही खरी दारू नाही.

तो निरोप मुलांपर्यंतही पोचला आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने 'माझे वडील' या निबंधात लिहिलं होतं: बाबा दारू पीत नाहीत, फक्त बिअर पितात. वाक्य शुद्ध होतं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते. त्या वाक्याखाली लाल शाईने काय लिहायचं, हे मला कुठल्या बीएडच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. ते वाक्य त्या मुलाने घरातच ऐकलं असणार, आणि घराने बाजारात ऐकलं असणार. बाजारात बिअरच्या बाटलीवर माकड आहे, दुसऱ्या बाटलीचं नाव सिंबा आहे, तिसरीचं कटी पतंग. माकड, सिंहाचा छावा, पतंग! ही दारूच्या दुकानातली नावं आहेत की बालवाडीच्या भिंतीवरची चित्रं? दारूची उघड जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून नावाला आणि चित्रालाच जाहिरातीचं काम दिलं आहे. मुलं बिअर विकत घेत नाहीत हे खरं. पण बिअर ही गंमत असते, हे ती बिअर घेण्याच्या वयाच्या खूप आधी शिकतात.

इथे कुणी म्हणेल, बाई, हे सगळं इंग्रजांनी शिकवलं, तुम्ही आजच्या पोरांना का बोलता? बरोबर, इंग्रजांपासूनच सुरू झालं. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आणि १८९२चा मोहाचा कायदा, यांनी घरची आणि रानातली दारू गुन्हा ठरवली. आदिवासीला दारातल्या मोहाची फुलं साठवायचीही चोरी झाली. का? लोकांनी पिऊ नये म्हणून नव्हे, तर सरकारी परवान्याच्या भट्टीचीच प्यावी आणि महसूल तिजोरीत यावा म्हणून. त्याच काळात गोऱ्या पलटणींसाठी विलायतेहून बिअरची पिंपं जहाजाने येत होती. आज ब्रुअरीच्या फळ्यावर जे 'आयपीए' लिहिलेलं असतं, त्यातला आय म्हणजे इंडिया. इंडिया पेल एल. साहेबाचं पेय ते पेय, नेटिवाची ती दारू. ही विभागणी साहेब करून गेला. ती मोडायच्या ऐवजी आपण साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसलो, एवढाच फरक पडला.

क्राफ्टवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, आम्ही चवीसाठी बनवतो, चढण्यासाठी नाही. स्ट्राँग बिअर ढोसण्यापेक्षा एक चांगला ग्लास सावकाश पिणं बरं. आमच्याकडे भेसळ नाही, लोकांना रोजगार आहे, कुणावर जबरदस्ती नाही. यातलं बरंचसं खरं आहे. एखाद्या सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने काय प्यावं हे मी ठरवणार नाही; माझा धर्म मला काय सांगतो ते माझ्यापुरतं. पण मग चवीचा दावा करणाऱ्यांनी एक गोष्ट करावी. बाटलीवर आरोग्याचा इशारा छापावा लागतो. तोटीतून ग्लासात येणाऱ्या बिअरला लेबलच नसतं. तर त्या खडूने रंगवलेल्या सुंदर फळ्यावर, चवीच्या वर्णनाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा: या ग्लासात इतके मिलिलिटर अल्कोहोल आहे. संत्र्याच्या सालीचा वास आणि धण्याचा स्वाद लिहायला जागा असते, मग या आकड्याला का नाही?

आता आपल्या घराकडे वळते, कारण हे सगळं फक्त 'त्यांच्या'बद्दल लिहिलं तर तीही लबाडी होईल. आपल्यात दारू हराम आहे, म्हणून आपला समाज दारूमुक्त आहे, असं आपल्याकडे मोठ्या ऐटीत सांगितलं जातं. ज्यांच्या घरात रात्री काय होतं हे मोहल्ल्याला माहीत आहे, तेही सांगतात. पिणारा आपला असला की ते 'घर की बात' होते. आणि तरुण पोरं काय म्हणतात? 'बिअरमें क्या है मॅडम, वो तो जौ का पानी है.' हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

त्यांच्यासाठी थोडं व्याकरण. अरबीत दारूला ख़म्र म्हणतात. ख-म-र हा धातू, अर्थ झाकणे. डोकं झाकते ती ओढणी खिमार, अक्कल झाकते ती ख़म्र. पीठ फुगवणारं खमीर त्याच कुळातलं, आणि बिअर ज्याच्यावर चालते ते यीस्ट म्हणजे खमीरच. म्हणजे द्राक्षाची, मधाची की जवाची, हा प्रश्न त्या शब्दाला पडतच नाही. हजरत उमर यांनी ख़म्र कशाकशाची होते हे सांगताना द्राक्ष आणि खजुराबरोबर मध, गहू आणि जव यांची नावं घेतली होती. म्हणजे आजच्या ब्रुअरीची आणि मीडरीची अर्धी यादी त्यात आली. आणि लोक पुढे दारूला दुसरंच नाव देऊन पितील, असा इशारा हदीसमध्ये आहे. मला त्या इशाऱ्यात धर्माइतकीच भाषेची समज दिसते. माणूस आधी नाव बदलतो, मग सवय लावून घेतो.

याच कुळातला आणखी एक शब्द आपण मराठीत आणला: खुमारी. उर्दूत खुमार म्हणजे मुळात नशा उतरतानाची जडशीळ डोकेदुखी. मराठीत त्याची गोड गुंगी झाली. आपण गप्पांची खुमारी म्हणतो, पहाटेच्या झोपेची खुमारी म्हणतो. शब्द असे गोड होतात, त्याला कुणाचा इलाज नाही. पण डोकेदुखी तिच्या जागी राहते, आणि ती बहुधा पिणाऱ्यापेक्षा घरातल्या बाईच्या वाट्याला जास्त येते. फ्लॅटमधल्या बाईच्याही आणि पालातल्या बाईच्याही. पालातली बाई निदान ओरडते, वस्ती गोळा करते. फ्लॅटमधली 'सोशल ड्रिंकिंग' या शब्दामागे गप्प बसते.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. सगळीकडे दारूबंदी करा असं मी म्हणत नाही. चंद्रपुरात २०१५मध्ये बंदी आली आणि २०२१मध्ये उठली, बंदीच्या काळात चोरटी दारू वाहतच होती हे सगळ्यांनी पाहिलं. गावातल्या बायकांना मतदानाने दुकान बंद करायचा अधिकार आहे. उभी बाटली, आडवी बाटली. तो अधिकार खरा आहे आणि त्यासाठी बायका फार किंमत मोजतात. पण तो वॉर्डातही लागू आहे, हे शहरातल्या किती बायकांना माहीत आहे? आडवी बाटली फक्त गावच्या देशी दुकानासाठी नसते, हे त्यांनाही सांगा.

दुसरं, दारूला दारू म्हणा. घरात, शाळेत, पेपरात, विधानसभेत. माकडाच्या चित्राची असो की संत्र्याच्या, फेसाळ असो की पाणचट, एक शब्द. शिक्षकांनी व्यसनावरचा धडा शिकवताना फळ्यावर फक्त देशीची बाटली आणि फाटक्या कपड्यातला बाप काढू नये. शेजारी एक उंच, सुंदर, फेस आलेला ग्लासही काढावा. वर्गात दोन्ही घरांतली मुलं बसलेली असतात.

तिसरं, पिणाऱ्याला माणूस म्हणा. तो कुठल्याही दर्जाचा असो, त्याला फटके नकोत, उपचार हवेत. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६पासून हे काम करतं आहे. आपल्या तालुक्यातून पुण्याला नोकरीसाठी रोज बस भरून पोरं जातात, तर एखाद्या पोराला तिथल्या दारापर्यंत नेणं अवघड नाही. आपल्या मशिदींमधून जुम्म्याला दारूच्या हराम असण्यावर बोललं जातं, ते बोलावंच. त्यासोबत उपचाराला कुठे जायचं, हेही एकदा सांगितलं तर कुणाच्या तरी घरातली बाई ते कान देऊन ऐकेल.

आणि देवळालीच्या त्या सोल्जरांना निदान एवढं तरी द्या, की त्यांच्या तापाला आपण ताप म्हणू.